तीन ठिकाणी तीन टॅब, मग खरा कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षं व्हिडिओ आणि टॅब (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरचं घर, दाबायचं ते आकड्यांत लिहिलेलं गाणं) बघून घरच्या घरी गिटार शिकणं चाललंय. आवडत्या बँडची गाणी एकट्यानं वाजवली की बरी वाटतात, पण मूळ रेकॉर्डिंग लावून सोबत वाजवायला बसलं की जुळत नाहीत. एकाच गाण्याच्या कॉर्ड तीन साइटवर तीन तऱ्हेच्या दिसतात. तर भरवशाची साइट कोणती, पैसे भरायचेच तर कशाला भरावेत, आणि आपला कानच कच्चा आहे का?

एका साइटचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण त्यानं तुमची अडचण सुटणार नाही. मी गिटार शिकवतो आणि कव्हर बँडमध्ये वाजवतो, म्हणजे दुसऱ्यांची गाणी ऐकून बसवणं हे माझं रोजचंच काम. त्या अनुभवावरून सांगतो. तुम्ही टॅबला मूळ मानून रेकॉर्डिंगशी ताडून बघताय. ते उलटं करा. मूळ म्हणजे रेकॉर्डिंग. टॅब हा कुणीतरी ते ऐकून बांधलेला अंदाज. तीन माणसांचे तीन अंदाज वेगळे निघाले तर त्यात नवल नाही, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा तिन्ही बरोबर असतात. कसे, ते पुढे येईलच.

आधी पट्टी बघू. ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची गिटार सुरात असते. ई, ए, डी, जी, बी, ई सगळ्या तारांवर ट्यूनरचा दिवा हिरवा. पण गाणंच त्या ट्यूनिंगमध्ये नसतं. जिमी हेंड्रिक्स, स्टीव्ही रे वॉन, गन्स एन' रोझेस यांच्या बऱ्याच गाण्यांत सगळ्या तारा अर्धा सूर उतरवलेल्या आहेत. निर्वाणाचं 'कम ॲज यू आर' अख्खा सूर खाली आहे. ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती. १९७१ सालच्या अल्बममधल्या काही गाण्यांत त्यानं तारा दीड सूर सैल केल्या. सैल तारा त्याच्या बोटांना सोसवत होत्या आणि आवाजालाही जडपणा आला, जो पुढे अख्ख्या हेवी मेटलनं उचलला. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सची तऱ्हा आणखी निराळी. तो सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार काढूनच टाकतो आणि उरलेल्या पाच जी-डी-जी-बी-डी अशा लावतो. त्याच्या कॉर्ड तुम्ही साध्या ट्यूनिंगमध्ये कितीही अचूक धरा, त्यातला तो सुटा, खणखणीत नाद येणार नाही, कारण त्यात वाजणाऱ्या मोकळ्या तारा तुमच्या गिटारवर त्या सुराला नाहीतच.

आता ते तीन टॅबचं कोडं. ओएसिसचं 'वंडरवॉल' घ्या. दुसऱ्या फ्रेटवर केपो (सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावून बोटं ई मायनर सेव्हनच्या आकारात बसतात, पण कानाला ऐकू येतो तो एफ शार्प मायनर सेव्हन. एका साइटवर आकाराचं नाव लिहिलेलं असतं, दुसरीवर खऱ्या सुराचं, आणि तिसरीवर केपोचा उल्लेखच गळालेला. गन्स एन' रोझेसच्या 'स्वीट चाइल्ड ओ' माइन'च्या बाबतीत एक जण डी लिहितो, दुसरा डी फ्लॅट. पहिल्यानं तारा उतरवल्या आहेत असं गृहीत धरलंय, दुसऱ्यानं कानाला आलं ते लिहिलंय. भांडण सुरांचं नसतंच, मोजायला सुरुवात कुठून केली याचं असतं. टॅबमधल्या आकड्यांचीही हीच गत. केपो लावल्यावर काही जण केपोला शून्य धरून फ्रेट मोजतात, काही जण खऱ्या नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात तिथून. म्हणून कोणताही टॅब उघडला की कॉर्डकडे वळण्याआधी वरच्या दोन-तीन ओळी वाचा. ट्यूनिंग कोणतं, केपो कितव्या फ्रेटवर. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर मी तो टॅब सहसा बंद करतो. ज्यानं ट्यूनिंग तपासलं नाही, त्यानं बाकीचं काय तपासलं असेल?

टॅब न बघता ट्यूनिंग ओळखता येतं का? बऱ्याच अंशी येतं. गाण्यातला गिटारचा सगळ्यात खालचा सूर शोधा. तो तुमच्या मोकळ्या सहाव्या तारेच्याही खाली जात असेल तर बहुधा तारा उतरवलेल्या आहेत. फक्त सहावीच उतरवली आहे की सगळ्या, हे पुढचं. फक्त सहावी उतरवली असेल, ज्याला ड्रॉप डी म्हणतात, तर पॉवर कॉर्ड (फक्त मूळ सूर आणि त्याचा पंचम) एकाच आडव्या बोटानं धरता येतो. जड कॉर्ड भराभर वरखाली सरकताना ऐकू आले तर आधी तो संशय घ्या. दुसरी खूण पट्टीची. ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट या पट्ट्या गिटारवाल्यांना गैरसोयीच्या, कारण त्यांत मोकळ्या तारा कामाला येत नाहीत. तरीही अशा पट्टीतल्या गाण्यात तारा मोकळ्या झंकारताना ऐकू येत असतील तर एकतर ट्यूनिंग उतरवलंय किंवा केपो आहे. दोन्हींतला फरक आवाजावरून कळतो. वरच्या फ्रेटवर केपो असला की गिटार बारीक, मँडोलिनकडे झुकलेली वाटते आणि खर्ज नाहीसा होतो. ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या सुरुवातीला बारा तारांच्या गिटारवर सातव्या फ्रेटवर केपो आहे. साध्या बी मायनरमध्ये तोच भाग वाजवून बघा, सूर बरोबर येतील पण ती चमक येणार नाही.

काही रेकॉर्डिंगं मात्र कोणत्याच पट्टीत नीट बसत नाहीत. टेपच्या काळात वेग बदलला की सूरही बदलायचा. साधारण सहा टक्के वेग वाढला की अर्धा सूर वर. मिक्स करताना टेप तीन टक्के वेगानं फिरली तर गाणं दोन पट्ट्यांच्या मधोमध लटकतं. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'मध्ये तर दोन वेगवेगळ्या पट्टींतले आणि लयींतले टेक, म्हणजे वेगवेगळ्या वेळी केलेली रेकॉर्डिंगं, वेग कमीजास्त करून एकमेकांना जोडलेत. अशा वेळी गिटारच्या खुंट्या पिळत बसू नका. गाणं सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि त्याचाच सूर थोडा सरकवून तुमच्या गिटारला जुळवून घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्या कामाला पुरतं. अर्धा सूर उतरवलेल्या गाण्यांचा सरावही असाच, गाणं अर्धा सूर वर चढवून करता येतो. विशेषतः गिटारला तरंगता (स्प्रिंगांवर तोललेला) ब्रिज असेल तर हेच करा. त्यात एक तार उतरवली की स्प्रिंगांचा तोल ढळतो आणि उरलेल्या पाच तारा चढतात, मग अर्धा तास नुसतं ट्यूनिंगच चालतं. मंचावर वाजवायचं असेल तेव्हा मात्र खरंच तारा उतरवा. सैल तारेवर बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) ज्या सहजतेनं ओढला जातो ती सॉफ्टवेअरमधून मिळत नाही.

पट्टी जुळली तरी टॅब फसवू शकतो, आणि याचं कारण टॅबच्या घडणीतच आहे. इंटरनेटवर गिटारचे टॅब साठवायला सुरुवात झाली ती १९९२ च्या सुमारास, ओल्गा या नावाच्या संग्रहापासून. साध्या अक्षरांत सहा रेघा आणि त्यांवर आकडे, कुणीही लिहावं आणि कुणीही उचलावं. पुढे प्रकाशकांच्या वकिलांच्या नोटिसा आल्या आणि २००६ मध्ये तो संग्रह बंद पडला, पण लिहिण्याची ती पद्धत राहिली. कुठल्या तारेवर कुठला फ्रेट एवढंच त्यात असतं. किती वेळ धरायचं, कुठे थांबायचं, कुठला ठोका ठसठशीत, हे काहीच नसतं. म्हणजे लय तुम्ही आधीच ऐकलेली आहे असं गृहीत धरलेलं असतं. अल्टिमेट गिटार या साइटवर लोकांनी दिलेले तारे बघून टॅब निवडायला हरकत नाही, पण तारे देणारा वाजवायला सोपा टॅबही डोक्यावर घेतो हे लक्षात असू द्या. साँगस्टर ही साइट किंवा गिटार प्रो या सॉफ्टवेअरच्या फाइलींत लय लिहिलेली असते आणि ती वाजवूनही दाखवली जाते, त्यामुळे मी त्यांना पहिली पसंती देतो. मात्र यंत्र वाजवतंय म्हणून ते बरोबर आहे असं नाही. चूक लिहिली असेल तर यंत्र ती चूकही ठणठणीत लयीत वाजवतं.

जागेचाही प्रश्न आहे. गिटारवर एकच सूर अनेक ठिकाणी मिळतो. मोकळ्या पहिल्या तारेचा ई दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला आहे, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या आणि पाचवीवर एकोणिसाव्या. सूर तोच, पण जाड तारेवर भरदार आणि बारीक तारेवर धारदार. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची १९७२ सालची रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) शिकाऊ मंडळी जाड तारांवर पॉवर कॉर्डनी, पिक मारत वाजवतात. त्यांचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर ती चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर, दोन-दोन सुरांच्या जोड्यांत, बोटांनी खुडून वाजवतो. त्या जोड्यांत चतुर्थाचं (सा ते म) अंतर आहे, पॉवर कॉर्डमध्ये पंचमाचं (सा ते प). दोन्ही तऱ्हा एकामागोमाग वाजवून पाहा, 'जुळत नाही' म्हणजे नेमकं काय ते तिथल्या तिथे कळेल. जागेबद्दल शंका असली की मी त्या बँडच्या मंचावरच्या वादनाचा व्हिडिओ बघतो. यूट्यूबवर संगणकावरून बघत असाल तर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची कळ दाबा, चित्र एकेक फ्रेम मागे-पुढे सरकतं. डावा हात कुठे आहे हे एकदा दिसलं की निम्मा वाद संपतो. फक्त एक जपा. बरेच बँड गायकाच्या गळ्यासाठी मंचावर पट्टी उतरवतात. तेव्हा हाताची जागा व्हिडिओतून घ्या, सूर मूळ रेकॉर्डिंगमधून.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसावी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे ऐकू येतं ते सगळं एका गिटारवर वाजतच नाही. बीटल्सच्या 'अ हार्ड डेज नाइट'च्या पहिल्याच कॉर्डवर गिटारवाले वर्षानुवर्षं डोकं खाजवत आलेत. त्यात बारा तारांच्या गिटारसोबत बेस आणि पियानोही आहे, मग एकट्या गिटारवर तो यायचा कसा? यू-टूच्या 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'मध्ये त्यांचा गिटारवादक एज मोजकेच सूर वाजवतो, बाकीची गर्दी डिले पेडलमधून परत येणाऱ्या सुरांची आहे. टॅबमध्ये तो परतावाही आकड्यांत लिहिला तर बोटं दमतील आणि गाणं तरी येणार नाही. व्हाइट स्ट्राइप्सच्या 'सेव्हन नेशन आर्मी'ची रिफ बेस गिटारची वाटते. ती साध्या गिटारवर व्हॅमी पेडल लावून, आवाज एक सप्तक खाली पाडून वाजवली आहे. रॉकमध्ये तर एकच भाग दोनदा वाजवून एक डाव्या आणि एक उजव्या बाजूला ठेवायची पद्धत सर्रास आहे. त्यामुळे तुमचं वादन रेकॉर्डिंगपुढे किरकोळ वाटलं तर लगेच बोटांना दोष देऊ नका. हेडफोनचा एक कान काढून ऐका, कधी कधी दोन गिटारी चक्क वेगळ्या होतात.

लयीबद्दल थोडक्यात, कारण हे वाचून येणारं नाही. स्ट्रमिंगचे वर-खाली बाण पाठ करू नका. उजवा हात मात्रेवर सतत हलता ठेवा आणि कुठे तारेला लागू द्यायचा, कुठे हवेत जाऊ द्यायचा, हे ऐकून ठरवा. मेटलमध्ये दिशाच महत्त्वाची ठरते. मेटॅलिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये जेम्स हेटफिल्ड मिनिटाला २०० च्या वरच्या लयीत सगळे फटके खालच्या दिशेनं मारतो. टॅबचे आकडे वर-खाली पिक मारूनही वाजतात, पण तो दणका जातो.

आता स्वतः गाणं कसं काढायचं. माझा क्रम असा. आधी हातात गिटार न घेता गाणं ऐकायचं आणि कागदावर ढाचा मांडायचा: सुरुवात, कडवं, ध्रुवपद, मधला भाग, प्रत्येकाचे किती बार (ठरावीक मात्रांचे गट). मग बेस. कॉर्डचं मूळ शोधायचा सगळ्यात खात्रीचा रस्ता बेसमधून जातो, कारण बार सुरू होताना बेस बहुतेक वेळा मूळ सुरावरच असतो. बेसचा सूर आधी गुणगुणा, मग गिटारवर शोधा. जो सूर तोंडातून निघत नाही तो फ्रेटबोर्डवर चाचपडून मिळाला तरी टिकत नाही. नंतर तो कॉर्ड मेजर की मायनर ते ठरवा. दोन्ही लावूनही खटकत असेल तर मेजर-मायनर ठरवणारा तिसरा स्वर (मूळ सुरापासून मोजलेला) गायब आहे का बघा. पॉवर कॉर्डमध्ये तो नसतोच, आणि सस कॉर्डमध्ये त्याच्या जागी शेजारचा असतो. 'वंडरवॉल'मध्ये पहिल्या दोन तारांवरची बोटं केपोपासून तिसऱ्या फ्रेटवर शेवटपर्यंत जवळजवळ हलतच नाहीत, आणि त्या गाण्याचा रंग आहे तो त्यामुळेच. हे एवढं बसलं की मग रिफ आणि सगळ्यात शेवटी सोलो, तोही दोन-दोन बारच्या तुकड्यांनी.

वेग कमी करायची सोय आता फुकट आहे. जुने वादक ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६ फेऱ्यांवर लावून सोलो ऐकायचे. वेग निम्मा व्हायचा आणि सूर साधारण एक सप्तक खाली जायचा. आज यूट्यूब किंवा ऑडॅसिटी सूर तसाच ठेवून वेग उतरवतात. मी ७० टक्क्यांपर्यंत उतरतो, फार झालं तर ५०. त्याखाली आवाज विस्कटतो आणि नसलेले सूर ऐकू यायला लागतात. वाद्यं वेगळी काढणारी साधनंही हाताशी आहेत. डीझर या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीनं २०१९ मध्ये स्प्लीटर खुलं केलं, डेमक्सही आहे, आणि मॉइझेससारखी ॲपही तेच काम करतात. बेस आणि ड्रम्स त्यांतून छान सुटे होतात. गिटार मात्र अनेकदा 'बाकीचं' या गाठोड्यात कीबोर्डसोबत जाते, आणि तिच्या कडा खाल्ल्या जातात. म्हणून मी ही साधनं बेस ऐकायला वापरतो आणि गिटारसाठी पुन्हा मूळ रेकॉर्डिंगकडे येतो. कॉर्डिफायसारखं यंत्रानं कॉर्ड काढून देणारं साधन पहिला अंदाज म्हणून ठीक आहे, पण सस आणि उलटवलेल्या (मूळ सूर तळाशी नसलेल्या) कॉर्डपाशी ते गडबडतं.

पैशांचं म्हणाल तर ते तुम्हाला काय हवंय यावर आहे. मित्रांत बसून गाणी म्हणायची असतील तर एक छदामही खर्च करू नका. आकारांची नावं आणि केपो पुरेसा आहे. पाया कच्चा वाटत असेल, म्हणजे बदलताना कॉर्ड अडखळत असतील, तर जस्टिन गिटार या साइटवरचा नवशिक्यांसाठीचा मोफत अभ्यासक्रम क्रमानं पूर्ण करा. इकडचा एक धडा, तिकडचा एक असं केल्यानंच बऱ्याच जणांची दोन वर्षं जातात. बँडमध्ये वाजवायचं असेल तर टॅबच्या सदस्यत्वाआधी एखाद्या शिक्षकाकडे चार-सहा वेळा जाऊन या. तुमचा हात कुठे अडतोय हे व्हिडिओ सांगू शकत नाही, तो तुम्हाला बघतच नाही. लिहून ठेवायची गरज पडली की म्यूझस्कोअर हे संगीत लिहायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. गिटार प्रो विकत घ्यायचा विचार त्यानंतर करा.

कान कच्चा आहे का? तुम्हाला 'जुळत नाही' हे ऐकू आलं, तेवढ्यावरून तरी तसं वाटत नाही. खरोखर कच्च्या कानाचा माणूस बेसूर वाजवून खूश असतो. काय जुळत नाही हे ओळखायचा सराव तेवढा झालेला नाही. फोनवर स्वतःचं वादन रेकॉर्ड करून मूळ गाण्याच्या लगोलग ऐका. वाजवताना कान बोटांमागे असतो, त्यामुळे निम्म्या गोष्टी निसटतात.

पहिल्या प्रयत्नाला तीन जणांच्या बँडचं गाणं निवडा. एक गिटार, एक बेस, ड्रम्स, म्हणजे कोण काय वाजवतंय ते लपत नाही. वर सांगितलेलं 'कम ॲज यू आर' चांगलं आहे. सुरुवातीला गिटार एकटीच आहे आणि रिफ सगळ्यात जाड दोन तारांवर आहे. सगळ्या तारा एक सूर उतरवा आणि टॅब न उघडता ती रिफ शोधा. आवाज पाण्यातून आल्यासारखा डुलतो तो कोरस पेडलमुळे, सूर ढळल्यामुळे नव्हे, तेव्हा तिथे ट्यूनरला हात लावू नका. सापडलेलं कागदावर लिहा, मग दोन-तीन टॅब उघडून ताडून बघा. जिथे फरक दिसेल तेवढे दोन बार ७० टक्के वेगानं पुन्हा ऐका, आणि तरीही अडलात तर कितव्या सेकंदाला अडलात ते इथे लिहा. मी ऐकून सांगेन.